नानाजी ढवळ्यांची सावड

नानाजी ढवळे आमच्या सायंदैनिकाचा अंक मागच्या पानापासून वाचत. दुपारी छपाईयंत्रावरून उतरलेली पहिली प्रत शिपाई त्यांच्या टेबलावर आणून ठेवी. नानाजी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत, अंक उलटा करत आणि जाहिराती वाचायला घेत. बियाण्यांच्या, कीटकनाशकांच्या, सराफांच्या, मंगल कार्यालयांच्या. तिथून ते सावकाश पहिल्या पानाकडे येत. मुख्य मथळ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांचा चहा संपलेला असे. नव्याने लागलेल्या एका उपसंपादकाने याचं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आपला पगार मागच्या पानावर छापून येते. मथळ्यात नाही येत."

ते मुद्रितशोधक होते. मूळचे बोरी अरबचे. तिथे भावासोबत सामायिक शेती होती, कापूस आणि तूर. शनिवारी अंक निघाला की ते गावी जात आणि सोमवारी पहिल्या एसटीने यवतमाळला परतत. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, खिशात लाल पेन. कचेरीत त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. बऱ्याच जणांनी तो आवाजच फारसा ऐकला नव्हता.

तालुक्यांवरून येणाऱ्या बातम्यांतून ते दोन गोष्टी काढून टाकत: चुका आणि उत्साह. त्या काळी जिल्ह्यातला प्रत्येक कार्यक्रम 'मोठ्या उत्साहात' पार पडे. नानाजी ते दोन शब्द लाल शाईने खोडत. घाटंजीचा वार्ताहर एकदा याचा जाब विचारायला थेट कचेरीत आला. शाळेचं स्नेहसंमेलन खरोखरच मोठ्या उत्साहात झालं होतं, असं त्याचं म्हणणं होतं.

"तुम्ही होते तिथं?" नानाजींनी विचारलं.

"होतो ना जी."

"बसाले खुर्ची भेटली?"

"भेटली."

"नाश्ता?"

"तोही भेटला."

"मग तो तुमचा उत्साह हाय. पोरायचा वेगळा लिहून आणा."

वार्ताहर परत गेला. त्याच्या पुढच्या बातम्यांत उत्साह आला नाही. नाश्त्याचा उल्लेख मात्र अधूनमधून येत राहिला.

दुसरी सवय समासात प्रश्न लिहिण्याची. पांढरकवड्याकडून एकदा बातमी आली की एका गावच्या लोकांनी श्रमदानातून रस्ता तयार केला. आतल्या पानावर एका कोपऱ्यात जाईल अशी बातमी होती. नानाजींनी शुद्धलेखन तपासलं आणि समासात लिहिलं, 'जेवण कोणाचं?' आम्ही हसलो. तरी कोणीतरी फोन लावला. जेवण कोणाचंच नव्हतं. लोक घरची भाकर बांधून खडी टाकायला गेले होते आणि रस्त्याचं बिल एका कंत्राटदाराच्या नावाने निघालं होतं. बातमी पहिल्या पानावर गेली. नानाजींनी ती नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी वाचली.

त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळ जिल्हा देशभर गाजत होता. दिल्लीच्या टीव्हीवाल्यांच्या गाड्या आमच्या कचेरीसमोर थांबत आणि गावांचे रस्ते विचारत. आम्ही रस्ते सांगत असू. कापसाला भाव नव्हता, बियाणं महाग होतं, बोंडअळीवर औषध चालत नव्हतं आणि यातलं काहीच आमच्या वाचकांना नवीन नव्हतं. त्यामुळे गाजण्याचा आमच्या खपावर परिणाम झाला नाही. जाहिरातींवर झाला. कृषी केंद्रांची अर्ध्या पानाची जाहिरात पाव पानावर आली, पावाची पट्टी झाली, पट्टीत नुसत्या दिवाळीच्या शुभेच्छा उरल्या. नंतर दुकानाचं नाव तेवढं येई, उपकार केल्यासारखं. नानाजी मागचं पान पाहून म्हणाले, "आता आपली पाळी."

आमचे मालक भाऊसाहेब. वकिलांचं जुनं घराणं, गावात मान. घाटंजी रस्त्यावर त्यांची जिनिंग होती, कापसातून सरकी काढण्याचा कारखाना. पेपर जिनिंगच्या नफ्यावर चाले. एका हंगामात जिनिंग लवकर बंद झाली आणि पुढच्या हंगामात ती उघडलीच नाही.

पोळा झाल्यावर भाऊसाहेबांनी सगळ्यांची बैठक बोलावली. बैठक कागदाच्या रिळांच्या गोदामात झाली. केबिन लहान होती आणि गोदामात त्या दिवसांत भरपूर जागा असे.

भाऊसाहेब चांगले बोलत. आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं ते म्हणाले. कुटुंबावर वेळ आली आहे. कापसाचा हंगाम निघेपर्यंत सर्वांनी बिनपगारी काम करावं, अशी त्यांची विनंती होती. सक्ती नव्हती. ज्यांना जमणार नाही त्यांनी आत्ताच, सगळ्यांसमोर, मोकळेपणाने सांगावं.

मग कार्यकारी संपादक जोशी उभे राहिले. वृत्तपत्र हा धंदा नसून व्रत आहे, असं सांगताना त्यांचे डोळे भरून आले. जोशींच्या पत्नी बँकेत नोकरीला होत्या. जोशींनी हात वर करून संमती द्यायला सांगितलं. हात वर झाले. दाराजवळ लताबाई उभी होती. ती आमची कॉम्प्युटर ऑपरेटर. नवरा वारलेला, घरी दोन मुली आणि सासू, भाड्याची खोली, आणि घरात येणारा पैसा हा एकच. तिचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला आणि सगळ्यांत कमी वर गेला.

नानाजींनी हात वर केला नव्हता. त्यांनी विचारलं, "म्हणजे सावड म्हणता का जी तुम्ही?"

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर बोललात, नानाजी. सावडच. आपल्या मातीतला शब्द आहे."

"मग जमते," नानाजी म्हणाले.

शेतकऱ्यांनी एकमेकांच्या वावरात मजुरी न घेता कामाला जाणं, याला आमच्याकडे सावड म्हणतात. एखाद्याचा बैल मेला, कोणाच्या घरी आजारपण आलं, पेरा खोळंबला, की आजूबाजूचे चारजण आपली अवजारं घेऊन जातात आणि त्याचं काम उरकून देतात. भाऊसाहेबांना हा शब्द अग्रलेखांतून माहीत होता. त्यांनी स्वतः तो बऱ्याचदा वापरला होता. अग्रलेखात त्याचे नियम येत नाहीत.

नानाजींनी ते उभ्याउभ्याच सांगितले. "सावडीत ज्याचं वावर असते तो सगळ्यायच्या आधी येते अन् सगळ्यायच्या मांगून जाते. बांधावर उभा राहून पाहत नाही, तेच काम करते. दुपारचं जेवण त्याच्या घरचं. अन् पुढं आपल्या वावरात काम निघालं का त्याले यावं लागते."

"मान्य," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना अजून हे भाषणाचाच भाग वाटत असावं.

"आणखी एक हाय. ज्याची चूल मजुरीवर पेटते, त्याले सावडीले बोलावत नाहीत. आलाच त मजुरी देऊन पाठवतात." नानाजींनी दाराकडे पाहिलं. "लताबाईचा हात खाली घ्या जी."

भाऊसाहेबांना नाही म्हणता आलं असतं. पण शब्द त्यांनी आधी स्वीकारला होता, तोही सगळ्या कचेरीसमोर. त्यांनी मान हलवली. जोशी हळू आवाजात म्हणाले, "हे काय वावर आहे का?"

"नाही ना," नानाजी म्हणाले. "म्हणून त विचारलं."

त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. तरुण बातमीदारांचं म्हणणं होतं की मालकाने नफ्याच्या वर्षी कोणाला कुटुंब म्हटलं नव्हतं. जुन्यांचं म्हणणं होतं की पेपर बंद पडला तर जायचं कुठे. एकाने नानाजींनाच गाठलं.

"नानाजी, तुमच्याकडं वावर हाय. गावी जाऊन बसा ना सुखानं. फुकट कायले राबता?"

"सोयरा अडचणीत असला त जा लागते."

"अन् सोयरा नसला त? मालकच असला त?"

"मालक असला त पगार द्या लागते," नानाजी म्हणाले. "दोन्हीतलं काय व्हायचं ते त्यानं ठरवावं. आपण काहून ठरवायचं?"

भाऊसाहेबांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी शिपायाने कचेरी उघडली तेव्हा ते पायरीवर बसलेले होते. त्यांना नक्की कोणतं काम द्यायचं, हा प्रश्न निघाला. बातमी लिहायला बसले की ती अग्रलेखासारखी होई. प्रुफं वाचायला बसले की ते वाचनात रमत आणि चुका तशाच राहत. शेवटी नानाजींनी त्यांना गठ्ठ्यांवर लावलं. छापलेले अंक मोजायचे, सुतळीने बांधायचे, वर गावाचं नाव चिकटवायचं आणि बसस्थानकावर नेऊन त्या त्या एसटीत टाकायचे.

जेवण भाऊसाहेबांच्या घरून येऊ लागलं. पहिल्या दिवशी पुरी आणि श्रीखंड आलं. नानाजींनी निरोप पाठवला की सावडीत भाकर चालते, रोज लग्न नको. मग ज्वारीची भाकरी, झुणका, अंबाडीची भाजी येऊ लागली. सगळे गोदामातच गोल करून जेवत. भाऊसाहेबही तिथेच जेवत. इतक्या वर्षांत त्यांना जी नावं ठाऊक नव्हती, ती जेवताना ठाऊक झाली. छपाईयंत्रावरच्या माणसाला मिरची चालत नाही, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. आम्ही तालुक्याप्रमाणे शेवटून दुसरं पान बदलत असू. भाऊसाहेबांनी एका दुपारी दारव्ह्याचा गठ्ठा पांढरकवड्याच्या गाडीत टाकला आणि पांढरकवड्याचा दारव्ह्याच्या गाडीत. कळलं तेव्हा दोन्ही गाड्या निघून गेल्या होत्या. ते फार अस्वस्थ झाले. संध्याकाळभर फोनजवळ बसून राहिले. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. पांढरकवड्याने दारव्ह्याच्या बातम्या शांतपणे वाचल्या होत्या.

"वाचत असतील ना लोक?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"वाचतात जी," नानाजी म्हणाले. "गावाचं नाव तेवढं सोडून देतात."

दिवाळी झाली, कापूस फुटला. नानाजींनी एका शनिवारी भाऊसाहेबांना सांगितलं की उद्या आमच्याकडे वेचणी आहे, या. त्यांनी यावं अशी आमच्यातल्या कोणाची अपेक्षा नव्हती. ते गेले. सफारी घालून गेले. सोबत मी होतो, बोरी अरबच्या बाजारावर बातमी करायची होती म्हणून.

वेचणी हे बायकांचं काम समजलं जातं. वावरात दहाबारा बाया ओळीने पुढे सरकत होत्या, कमरेला कापडाची झोळी. या बाया मजुरीवरच्या होत्या, सावडीतल्या नाहीत. नानाजींनी भाऊसाहेबांना एक ओळ दिली आणि शेजारच्या ओळीत स्वतः लागले. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्यांना टोकं असतात. थोड्याच वेळात भाऊसाहेबांच्या बोटांतून रक्त निघालं. ते प्रत्येक बोंडाजवळ वाकून विचार करत होते.

"भाऊ," एक बाई म्हणाली, "तो कापूस हाय, देवाचा प्रसाद नाही. वढा अन् पुढं व्हा."

दुसरी म्हणाली, "राहू दे वं, शिकून राह्यले. उद्या आपल्या जागेवर हेच येतीन, अन् आपण हापिसात."

"हापिसात मजुरी नाही भेटत म्हणतात," पहिली म्हणाली. बाया हसल्या. नानाजी हसले नाहीत, खाली पाहून वेचत राहिले. भाऊसाहेब आणखी तीन बोंडांनंतर हसले, थोडं उशिरा.

संध्याकाळी त्यांची झोळी वजनाला लावली. तराजूवाल्याने आकडा मोठ्याने सांगितला नाही. त्याने तो नानाजींच्या कानात सांगितला.

संक्रांतीच्या सुमारास गोष्ट बदलली. न्यायालयातले एक जुने स्नेही भाऊसाहेबांना बसस्थानकावर भेटले. भाऊसाहेबांच्या खांद्यावर घाटंजीचा गठ्ठा होता. स्नेह्यांनी त्यांना बाजूला घेतलं, हात हातात घेतला आणि सांत्वन केलं. सगळं ठीक होईल, असं सांगून ते गेले. भाऊसाहेबांनी गठ्ठा गाडीत टाकला. बरोबर गाडीत टाकला. पण दुसऱ्या दिवशी ते दहा वाजता आले, तिसऱ्या दिवशी अकराला, आणि नंतर आले तेही सरळ केबिनमध्ये गेले. गठ्ठे शिपाई बांधू लागला. डब्यातली भाजी पातळ झाली. मग घरी पाहुणे आहेत म्हणून डबा आला नाही, आणि पाहुणे गेल्यावरही आला नाही. आम्ही घरून भाकरी आणू लागलो. आपल्याला या गोष्टी बोलून दाखवायची सवय नाही.

महिना संपला आणि लताबाईला पगार मिळाला नाही.

तिने कोणाला सांगितलं नाही. कळलं ते असं, की ती दोन दिवस पायी कचेरीत आली. तिची खोली पार गावाबाहेर होती. नानाजींनी तिला विचारलं, ती म्हणाली, "सगळेच करून राह्यले ना भाऊ. मी एकटीच घेतो त बरं नाही दिसत." नानाजी केबिनकडे गेले. मी पहिल्या पानाची मंजुरी घ्यायला आत उभा होतो.

भाऊसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"नानाजी, मला कळतंय तुम्ही का आलात," भाऊसाहेब म्हणाले. "पण तुम्हीच विचार करा. सगळा स्टाफ मनाने काम करतोय. एकट्या तिलाच द्यायचं, हे बाकीच्यांवर अन्याय केल्यासारखं नाही का? आणि तिची काही तक्रार नाही. मी विचारलं तिला."

"कुठं विचारलं?"

"इथेच. केबिनमध्ये."

नानाजींनी केबिन पाहून घेतली. टेबल, खुर्ची, भिंतीवरचा एसी.

"इथं कोणी नाही म्हणत असते का जी?"

भाऊसाहेब म्हणाले, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे. पेपर टिकला तर सगळे टिकतील. बंद पडला तर तिची नोकरीच जाईल. हे तिच्याही भल्याचं आहे."

"असंन. पण मंग ही सावड नाही. मी सावडीले आलतो."

"म्हणजे? तुम्ही जाणार?"

"हो जी."

"अहो, पेपर बंद पडेल."

"पडला त बातमी होईन," नानाजी म्हणाले. "तिची चूल बंद पडली त होत नाही. तुम्ही पेपरवाले आहा, तुमाले ठाऊक हाय."

ते बाहेर आले. टेबलावर एक पान अर्धं तपासून पडलेलं होतं. ते खाली बसले आणि उरलेलं अर्धं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग लाल पेन खिशाला लावलं, नळावर हात धुतले, चपला घातल्या आणि बसस्थानकाकडे गेले. जाताना त्यांनी कोणाला सोबत चला असं म्हटलं नाही. जोशींना त्याचंच अधिक वाईट वाटलं. त्यांनी न जाण्याची कारणं तयार ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी प्रुफं जोशींनी वाचली. अंक निघाला. तिसऱ्या दिवशीही निघाला. चौथ्या दिवशी केबिनच्या भिंतीवरून एसी उतरवून हातगाडीवर घालून नेला गेला आणि दुपारी लताबाईला पगार मिळाला. पाकीट भाऊसाहेबांनी स्वतः तिच्या टेबलावर आणून दिलं. तिथून पुढे तिला दर महिन्याला पगार मिळत गेला. भिंतीवर एसीच्या जागी एक पांढरा चौकोन राहिला आणि उन्हाळ्यात भाऊसाहेब केबिनचं दार उघडं ठेवू लागले.

नानाजी मात्र परत आले नाहीत. सावडीचं बोलावणं मालकाने स्वतः घरी जाऊन करायचं असतं. भाऊसाहेब कचेरीत म्हणत, नानाजींचं वय झालंय, आता त्यांना त्रास कशाला. नानाजी गावात म्हणत असत की कोणी आलं नाही. जोशी म्हणत, कोणीतरी मध्ये पडायला हवं. स्वतः त्यांना वेळ नव्हता. आम्ही बाकीचे बिनपगारी काम करत राहिलो, काही निष्ठेने आणि काही दुसरी नोकरी मिळत नव्हती म्हणून. बाहेरून दोन्ही सारखंच दिसे.

त्यानंतर नानाजी मला एकदाच दिसले, पेरण्या आटोपल्यावर. मी दारव्ह्याहून यवतमाळला परतत होतो. एसटी बोरी अरबला थांबली. स्टँडवर सरकीच्या ढेपेचं पोतं टेकवून ते उभे होते. मी खाली उतरलो. तब्येत विचारली, बरी होती. पिकाचं विचारलं, ते म्हणाले उगवलं तेवढं बरं आहे. मग त्यांनी विचारलं, "लताबाईले भेटते का?"

"मिळतो. दर महिन्याला."

"तारखेवर?"

"तारखेवर."

त्यांनी मान हलवली. अधिक काही विचारलं नाही. पेपरचंही विचारलं नाही. मी पोत्याला हात घातला. त्यांचं घर स्टँडपासून चढावर होतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "हातगाडीवाला येऊन राह्यला."

"नानाजी, एवढंसं तर आहे. मी एका बाजूने धरतो."

"तुम्ही धरान, मंग मले तुमचं सामान उचलाले यवतमाळले या लागंन. तिकीट कोण काढंन?"

हातगाडीवाला आला. दोघांत थोडी घासाघीस झाली, मग जमलं. नानाजींनी पोतं चढवण्याआधीच त्याच्या हातात पैसे दिले. कंडक्टरने घंटी मारली आणि मी गाडीत चढलो. खिडकीतून दिसलं ते एवढंच. गाडीवाला पुढून ओढत होता. चढ लागला तशी हातगाडी मंदावली, आणि नानाजींनी चष्मा खिशात घातला, पायजमा थोडा वर खोचला आणि मागून दोन्ही हात लावले.